कोपरा कोणी राखावा? : कबड्डीतील बचाव आणि संघबांधणी यांचा आढावा

मेहकराहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर, जेथून लोणारच्या सरोवराकडे जाणारी वाट फुटते, त्या सुलतानपूर गावी आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांत सोयाबीनची सुगी आटोपून दिवाळी उरकली की कबड्डीचा हंगाम उभा राहतो. आणि सामने एका रात्रीत संपत असले, तरी त्या सामन्यांविषयीचा वाद मात्र होळीपर्यंत चालू राहतो. वादाचा विषय वर्षानुवर्षे एकच आहे. संघ चढाईच्या बळावर उभा करावा की बचावाच्या? हाताशी असलेली वर्गणी, ओळखीपाळखी आणि सरावाचे मोजके दिवस वेगवान चढाईपटू मिळविण्यात खर्ची घालावेत, की कोपरा राखणारे दोन गडी घडविण्यात? एक पक्ष म्हणतो, “रेडर तगडा पाह्यजे भाऊ, बाकीचे उभे राह्यले तरी चालते.” दुसरा पक्ष तितक्याच ठामपणे उत्तर देतो, “कोपरा फुटला का समदं गेलं.” या दोन वाक्यांत जेवढा अनुभव साठलेला आहे, तेवढ्याचा नीट हिशेब मांडावा आणि खेळाचा कायदा, त्याचा इतिहास, व्यावसायिक बाजार व महाविद्यालयीन निवडीची रीत या चारही अंगांनी त्याची पारख करावी, अशा हेतूने हा आढावा घेतला आहे.

हा वाद गावापुरता राहत नाही, याचे कारण उघड आहे. गावच्या मंडळाकडून खेळणारा पोरगा बहुधा लोणारच्या किंवा मेहकरच्या महाविद्यालयाच्या पटावर असतो. ती महाविद्यालये 1983 साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम या पाच जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. त्या संघात ज्याचे नाव लागते तो ‘कलर होल्डर’ म्हणून ओळखला जातो, आणि ही ओळख पुढे पोलीस, रेल्वे किंवा राज्य शासनाच्या पाच टक्के क्रीडा आरक्षणाचा विचार करणाऱ्या कुटुंबाला किती मोलाची वाटते, हे या भागात कोणाला सांगावे लागत नाही. म्हणून कोणता गडी निवडावा हा प्रश्न येथे केवळ करमणुकीचा नाही. त्यावर एखाद्या शेतकरी घरातील मुलाच्या पुढील आयुष्याची दिशा ठरू शकते.

प्रथम चढाईच्या पक्षाची कैफियत ऐकून घेतली पाहिजे, कारण ती दुर्बळ नाही. गुण मिळविल्यावाचून सामना जिंकता येत नाही आणि एका चढाईत दोन, तीन, क्वचित चार गडी टिपून येणारा खेळाडू जे काम क्षणार्धात करतो, ते करण्यास बचावाला तितक्याच वेळा यशस्वी पकड करावी लागते. 2014 साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये पाटणा पायरेट्सने ओळीने तीन विजेतेपदे पटकावली, त्यांच्या केंद्रस्थानी प्रदीप नरवाल हा चढाईपटू होता. 2017 च्या पाचव्या हंगामात त्याने एकट्याने चढाईचे 369 गुण मिळविले. वाकून, साखळीच्या हाताखालून निसटून मध्यरेषा गाठणारी त्याची डुबकी गावोगावच्या मुलांनी आत्मसात करण्याचा ध्यास घेतला, यात त्यांचे काहीच चुकले नाही. शिवाय चढाईपटू हा प्रेक्षकाला मैदानाशी बांधून ठेवणारा दुवा आहे. तो एकटा शत्रूच्या हद्दीत शिरतो, दम घुमवतो, सात जणांच्या नजरा अंगावर घेतो. वर्गणी देणाऱ्या गावकऱ्याला आपला पैसा कोठे गेला हे त्याच्या रूपाने डोळ्यांनी दिसते.

तथापि मैदानाचे माप काढून पाहिले, म्हणजे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे किती खोल आहे ते कळू लागते. पुरुषांचे मैदान 13 मीटर लांब व 10 मीटर रुंद असते. म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला मध्यरेषेपासून अंतिम रेषेपर्यंत साडेसहा मीटरांचा प्रदेश येतो. मध्यरेषेपासून 3.75 मीटरांवर निदानरेषा, तिच्यापलीकडे एक मीटरवर बोनसरेषा, आणि मग अंतिम रेषेपर्यंत उरतात अवघे पावणेदोन मीटर. दोन्ही बाजूंचे एकेक मीटरचे राखीव क्षेत्र झटापट सुरू झाल्यावरच खुले होते, म्हणून चढाईपटूला वावरण्यास प्रत्यक्षात आठ मीटरांचीच रुंदी सापडते. या चिंचोळ्या भूमीत डावा व उजवा कोपरारक्षक सर्वांत मागे, अंतिम रेषेजवळ उभे असतात, आणि मध्यरक्षक, ज्यांना पोरे कव्हर म्हणतात, ते आतील बाजूने किंचित पुढे असतात. चढाईपटू निदानरेषा ओलांडून बोनसच्या आशेने पाय टाकतो, तो नेमका कोपऱ्याच्या आवाक्यात. कोपरारक्षकाने त्या क्षणी घोट्यावर झेप घेतली तर गडी सापडला. परंतु सापडला म्हणजे बाद झाला असे मुळीच नव्हे. घोटा पकडलेला बलदंड गडी कोपरारक्षकाला फरफटत मध्यरेषेकडे नेऊ शकतो, आणि त्याच्या बोटाचे टोक रेषेपलीकडे टेकले की पकडणाराच बाद होतो. तेथे मध्यरक्षकाची कसोटी लागते. कोपऱ्याची झेप पडताच त्याने परतीची वाट छातीने अडविली पाहिजे. ती अर्धा क्षण आधी अडवली, तर चढाईपटू सावध होऊन दुसरीकडे वळतो. अर्धा क्षण उशिरा अडवली, तर तो निसटलेला असतो. ही वेळ शिट्टी वाजवून किंवा हाक मारून साधता येत नाही. शेजारच्या गड्याचा खांदा झुकला, टाच उचलली गेली, श्वास रोखला गेला, एवढ्या खुणेवर ती साधावी लागते, आणि ती खूण ओळखू येण्यासाठी दोघांनी एका मातीत पुष्कळ संध्याकाळी एकत्र घाम गाळलेला असावा लागतो.

बचावाचे मोल गुणफलकावर पूर्णपणे उमटत नाही, ही या वादातील सर्वांत मोठी अडचण आहे. प्रतिस्पर्ध्याच्या प्रमुख चढाईपटूला पकडले म्हणजे खात्यावर गुण एकच जमा होतो. परंतु तो गडी मैदानाबाहेर जातो आणि त्याच्या संघाने पुन्हा गुण मिळवीपर्यंत बाहेरच बसून राहतो. तेवढ्या अवधीत त्याचे दुय्यम साथीदार चढाईला येतात, त्यांची भीती कमी असते, साखळी पुढे सरकते, आणि लोणाची, म्हणजे सर्व गडी बाद करून मिळणाऱ्या दोन जादा गुणांची, बांधणी सुरू होते. याच्या उलट कोपरारक्षकाने घाई केली आणि तो बाद झाला, तर तोटा एका गुणाचाच नसतो. पुढच्या प्रत्येक चढाईत ती बाजू उघडी राहते. जेथे वैयक्तिक गुणांची नोंद ठेवतात तेथेही पकडीचा गुण सामान्यतः प्रथम हात घालणाऱ्याच्या नावे मांडला जातो. ज्याने परतीची वाट अडविली, त्याच्या नावापुढचा रकाना कोराच राहतो. निवड समितीपुढे जेव्हा हे कागद जातात, तेव्हा त्या कोऱ्या रकान्याची बाजू मांडणारा तेथे कोणी नसतो.

खेळाच्या कायद्याने या तराजूची पारडी वेळोवेळी वरखाली केली आहेत. महाराष्ट्रात हुतूतू या नावाने नांदणाऱ्या या खेळाला शिस्तबद्ध रूप देण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत झाले. 1923 साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम सिद्ध करून सामने भरविले. आणि आपल्या वऱ्हाडाला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, की अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या प्रसंगी देशी खेळांची प्रात्यक्षिके थेट जर्मनीत नेऊन दाखविली. त्या काळी संजीवनी, गामिनी व अमर असे खेळाचे तीन प्रकार प्रचलित होते. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत परतत नसे. साहजिकच तेथे एका पकडीची किंमत अपार होती. अमरमध्ये बाद झालेला गडी मैदानातच राही व गुण तेवढा मोजला जाई. तेथे पकडीचे भय उरत नसे. आजचा खेळ संजीवनीच्या वळणाचा आहे, म्हणजे मिळविलेल्या गुणागणिक आपला बाद गडी परत उठतो, आणि त्यामुळे पकड व चढाई यांच्यात एक मध्यम तोल साधला गेला आहे. त्या तोलावर पुढे नव्या तरतुदींचे भार पडले. समोर सहा किंवा सात गडी असताना बोनसरेषा ओलांडल्यास स्पर्शावाचून एक गुण देण्याची तरतूद चढाईला बळ देते. उलट तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता केलेल्या पकडीला, जिला वर्तमानपत्रे अव्वल पकड म्हणतात, एक जादा गुण मिळतो. आणि सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळविलाच पाहिजे, नाही तर चढाईपटू बाद, हा व्यावसायिक लीगने रूढ केलेला नियम धीराने वाट पाहणाऱ्या बचावाच्या हाती फार मोठे शस्त्र देतो. दोन चढायांत काही न करता नुसते उभे राहणे हेही आता डावपेच ठरले आहे. गावातल्या जुन्या जाणत्यांना हे उभे राहणे आळशीपणाचे वाटते. माझ्या मते त्यात संयमाची परीक्षा आहे, आणि ती देऊ शकणारा संघ घडविणे अत्यंत कठीण आहे.

बाजाराचा कल पाहिला तर तोही हळूहळू बचावाकडे झुकल्याचे दिसते. 2014 च्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली 12 लाख 80 हजार रुपयांची होती व ती राकेश कुमार या अनुभवी खेळाडूवर लागली. 2018 मध्ये एक कोटीचा टप्पा प्रथम गाठला तो इराणच्या फझल अत्राचली या डाव्या कोपरारक्षकाने. त्याच लिलावात मोनू गोयत या चढाईपटूवर 1 कोटी 51 लाखांची बोली लागली, हे खरे, परंतु टप्पा गाठण्याचा पहिला मान कोपऱ्याला मिळाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. 2022 मध्ये तमिळ थलैवाजने पवन सेहरावत या चढाईपटूसाठी 2 कोटी 26 लाख मोजले. पहिल्याच सामन्यात तो जायबंदी झाला व हंगामाला मुकला. आणि तरीही तरुण बचावफळीच्या आधाराने तो संघ आपल्या इतिहासात प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. पुढे 2023 मध्ये पवनची किंमत 2 कोटी 60 लाखांवर गेली, पण त्याच लिलावात मोहम्मदरेझा शादलू या इराणी बचावपटूसाठी पुणेरी पलटणने 2 कोटी 35 लाख दिले आणि त्या हंगामाचे विजेतेपद पुण्यास आले. पुढच्या वर्षी तो हरियाणा स्टीलर्सकडे गेला, व विजेतेपदही हरियाणाकडे गेले. एका माणसाच्या मागे विजेतेपद फिरते असा निष्कर्ष यावरून काढणे भाबडेपणाचे होईल, कारण दोन्ही संघांत मेहनतीने जुळविलेले इतर गडी होते. पण उत्तम कोपरा मिळाला म्हणजे त्यांच्या मेहनतीला आकार येतो, एवढे मान्य करावयास हरकत नसावी.

राष्ट्रांच्या पातळीवर हाच धडा आपणास अधिक कठोरपणे मिळाला. 1990 साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धेत कबड्डीचा समावेश झाल्यापासून भारतीय पुरुषांचे सुवर्णपदक कधी चुकले नव्हते. 2018 साली जकार्ता येथे इराणने उपांत्य फेरीत भारताला 27 विरुद्ध 18 असे हरविले. ज्या देशाच्या चढाईपटूंची नावे मुलांच्या तोंडी होती, त्या देशाचे अवघे अठरा गुण व्हावेत, ही इराणी साखळीच्या कसोशीची साक्ष आहे. त्याच स्पर्धेत इराणच्या महिलांनीही भारतावर मात करून सुवर्ण मिळविले, आणि त्यांच्या मार्गदर्शक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. महाराष्ट्रात मुरलेली विद्या परक्या मुलींनी कष्टाने आपलीशी केली, याचे मला दुःख वाटत नाही, आदर वाटतो. फक्त ती विद्या आपल्या तालुक्याच्या मैदानांपर्यंत पोहोचण्याची तजवीज का होऊ नये, एवढेच मनात येते.

परदेशांतील एक दाखला येथे उपयोगी पडेल. अमेरिकेतील विद्यापीठांत जो फुटबॉल खेळतात, त्यात चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे पाच धिप्पाड गडी भिंत करून उभे असतात. त्यांतील मधला गडी चेंडू मागे देऊन डाव सुरू करतो. पण चेंडू घेऊन धावणे किंवा तो झेलणे हे नियमाप्रमाणे सामान्यतः त्या पाचांच्या वाट्याला येत नाही, म्हणून गुणांच्या यादीत त्यांची नावे दिसत नाहीत. तेथील चाहते पुढील वर्षी कोणत्या शाळांतून या फळीसाठी मुले मिळणार याची चर्चा वर्षभर करतात, कारण सतरा-अठरा वर्षांच्या मुलाकडे पाहून तो तीन वर्षांनी कसा भरेल हे सांगणे या जागेच्या बाबतीत सर्वांत अवघड असते. पुष्कळांना पहिले वर्ष सामन्याविना, केवळ शरीर कमावण्यात काढावे लागते. 1935 पासून दिला जाणारा तेथील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा हाइझमन पुरस्कार या फळीतील कोणालाही आजवर मिळालेला नाही. परंतु 2015 पासून तेथे जो मूर यांच्या नावाने एक पुरस्कार सुरू झाला, आणि तो एका व्यक्तीला न देता संपूर्ण फळीला दिला जातो. संख्येने मोजता न येणाऱ्या कामगिरीचा सन्मान करावयाचा, तर तो ज्या घटकाने ती केली त्या सबंध घटकाचाच केला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. आपल्याकडे या विचाराची नितांत आवश्यकता आहे.

कारण आपली निवडीची रीत नेमकी याच्या उलट आहे. निवडचाचणी म्हणजे निरनिराळ्या महाविद्यालयांची मुले एका सकाळी मैदानावर जमवावयाची, त्यांचे दोन संघ पाडावयाचे आणि तासाभरात कोण चमकतो ते पाहावयाचे. या पद्धतीत चढाईपटू न्याय मिळवू शकतो, कारण त्याचे काम एकट्याचे आहे. कोपरारक्षक मात्र ज्याला जन्मात पाहिले नाही अशा मध्यरक्षकाच्या शेजारी उभा राहतो. त्याच्या झेपेला जोड मिळत नाही, दोनदा गडी निसटतो, आणि त्याच्या नावावर फुली पडते. मलकापूरचा कोपरा व पुसदचा कव्हर एका तासात एकमेकांचे श्वास ओळखू लागतील, अशी अपेक्षा करणेच अन्यायाचे आहे. माझे स्पष्ट मत असे, की बचावपटूंची निवड जोडीने व्हावी: ज्या महाविद्यालयाचा कोपरा पाहावयाचा, त्याचा नेहमीचा शेजारीही त्याच्याबरोबर उतरवावा, जोडीचीच परीक्षा घ्यावी, आणि शक्य तेथे जोडीच उचलावी. यात एखादा मध्यम प्रतीचा गडी संघात येईल असा आक्षेप घेतला जातो. येऊ द्यावा. दोन अनोळखी उत्तम गड्यांपेक्षा एकमेकांना जाणणारे एक उत्तम व एक मध्यम असे दोघे साखळीत अधिक टिकतात, असे मी अनेक सामने पाहून म्हणतो.

गावच्या स्पर्धांत हा प्रश्न उसन्या खेळाडूंच्या रूपाने उभा राहतो. बक्षिसाची रक्कम मोठी असली की मंडळे बाहेरगावचे एकदोन चढाईपटू मानधन देऊन एका रात्रीपुरते आणतात. शिरस्ता जुना आहे आणि त्यावर सरसकट बंदी घालावी असे मी म्हणणार नाही. मोठ्या खेळाडूच्या सहवासात गावची मुले शिकतात, हाही लाभ आहेच. परंतु चढाईपटू एका रात्रीसाठी आणता येतो. साखळी आणता येत नाही. ज्या गावाजवळ पैसा कमी आहे, त्याने चढाईच्या चढाओढीत उतरून दरवर्षी हरण्यापेक्षा, आपल्याच आळीतील चार पोरे निवडून त्यांना तीन हिवाळे एकत्र उभे करावे, यात व्यवहारदृष्ट्याही शहाणपण आहे. सुलतानपूरसारख्या गावांना हा मार्ग खुला आहे, कारण येथे मुले एकमेकांच्या सोबतीने वाढतात. अडचण आहे ती बारावीनंतर त्यांची पांगापांग होते ही. एक लोणारला जातो, दुसरा संभाजीनगरला, तिसरा पुण्यात कामाला लागतो. महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळी क्रीडापटूंचा विचार करताना जर अशा जोडगोळ्या ध्यानात घेतल्या, तर ही फाटाफूट काही अंशी तरी थांबेल.

मातीचा मुद्दाही थोडक्यात नोंदवून ठेवतो. आपली काळी जमीन उन्हाने भेगाळते आणि पाण्याने चिकटते, म्हणून चांगले मैदान करावयाचे तर मुरूम व मऊ माती बाहेरून आणून चाळून पसरावी लागते. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर, पायांत बूट घालून होतात. मॅटवर चढाईपटूची गती वाढते, आणि मातीवर अनवाणी घोटापकड शिकलेला कोपरारक्षक पहिल्याच सामन्यात चकतो. विदर्भाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राहून वेगळा उतरतो. तेथे आपली मुले कमी पडतात त्याला मॅटचा अपुरा सराव हेही एक कारण असावे, असे मला वाटते. तालुक्याला एक सामाईक मॅट व ती लावण्यास एक बंदिस्त जागा, एवढी तरतूद झाली तरी पुष्कळ साधेल.

शेवटचा विषय दुखापतींचा, आणि तो मला सर्वांहून महत्त्वाचा वाटतो. धावत येणाऱ्या गड्याच्या घोट्यावर झेप घेणाऱ्याचा खांदा, बोटे आणि गुडघे सतत पणाला लागलेले असतात. साखळीत वरून तीन जण कोसळतात तेव्हा सर्वांत खाली असतो तो कोपरारक्षकच. चढाईपटू जखमी झाला तर त्याची बातमी होते. कोपऱ्याचा खांदा निखळला तर तो घरी जातो, कोणा जाणत्याकडून चोळून घेतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा उभा राहतो. बक्षीस समारंभात उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड व मालिकावीर अशी तीन पारितोषिके देण्याची पद्धत सर्वत्र आहे. आयोजकांनी येत्या हंगामापासून चौथे पारितोषिक कोपरा व मध्यरक्षक यांच्या उत्कृष्ट जोडीला, दोघांची नावे एकत्र पुकारून द्यावे. आणि प्रवेशशुल्कातून वेगळी काढलेली काही रक्कम सामन्यात जखमी होणाऱ्या गड्याच्या उपचारासाठी राखून ठेवून, तिचा जमाखर्च अंतिम सामन्याच्या दिवशी गावासमोर वाचून दाखवावा.